अंगण कुठं गेलं?

"मॅडम, मी माळशिरस तालुक्यातली. पुण्यात एम.ए. भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचं घर माउलींच्या पालखीच्या वाटेवर. आजी लग्न होऊन या घरात आली त्याच्याही आधीपासून परभणीकडची एक दिंडी दरवर्षी आमच्या अंगणात एक रात्र उतरायची. रस्ता रुंद झाला तेव्हा अंगण, ओसरी आणि दारचा लिंब गेला. मोबदला मिळाला, मागं सरकून नवं घर बांधलं. दिंडी आता पुढं एका मोकळ्या रानात राहुट्या ठोकते. गेल्या आषाढात त्यांचे म्हातारे विणेकरी एकटेच जुन्या जागेपाशी आले, डांबराच्या कडेला उभे राहिले आणि आजीला म्हणाले, 'माय, अंगण कुठं गेलं?' तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे. मला यावर पीएच.डी. करायची आहे. आमचे सर म्हणतात, हा भूगोल नाही, हे मराठी विभागाचं काम आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून भूमिवापराचं काहीतरी घे, नोकरी लागेल. वडील म्हणतात, एमपीएससी दे. सांस्कृतिक भूगोलात पुढं जाऊन विद्यापीठात प्राध्यापक होता येतं का? की हा माझा नुसता हट्ट आहे? ते आमचं एकट्याचं नाही, सगळ्या गावाचं अंगण होतं."

प्रिय मुली,

विणेकरी बाबांनी आजीला विचारलेला प्रश्न भूगोलाचाच आहे. 'कुठं' या शब्दापासूनच आपला विषय सुरू होतो. तुझ्या सरांचा मान राखूनही मला हे सांगायला हवं की तुझा विषय भूगोलाचा आहे, आणि कसदार आहे. त्यावर पोट भरतं का, हे वेगळं, आणि त्याचं उत्तर इतकं सरळ नाही. दोन्हींबद्दल लिहिते. पण आधी विषयाबद्दल, कारण विषयाची खात्री नसेल तर पुढची ओढाताण सोसवत नाही.

'हा भूगोल नाही' हे वाक्य मीही ऐकलेलं आहे. एम.ए. झाल्यावर मला आठवडे बाजारांवर काम करायचं होतं. ज्यांच्याकडं विषय घेऊन गेले ते म्हणाले, बाजारात माणसं किती येतात ते मोज, किती लांबून येतात ते मोज, बाकीच्या गप्पा समाजशास्त्रवाल्यांना राहू देत. मी मोजलं. दोन वर्षं बाजार फिरले. एका बाजारात लिंबाखाली एक कासारीण बसायची. पोरीबाळींना बांगड्या भरता भरता तिनं मला आपला आठवडा सांगितला. तिच्या बोलण्यात सोमवार-मंगळवार नव्हतेच. पाच दिवसांना पाच गावांची नावं होती आणि उरलेले दोन दिवस 'घरचे'. थोरली लेक कधी झाली असं विचारलं तर ती गावाचं नाव घेऊन म्हणायची, 'त्या बाजारादिवशी'. माझ्या तक्त्यात तिच्यासाठी एकच ओळ होती: विक्रेती, बांगड्या, अंतर चौदा किलोमीटर. ओळ खरी होती. पण ती बाई ज्या आठवड्यात राहत होती तो आठवडाच एक नकाशा होता, आणि तो त्या ओळीत मावत नव्हता. मी तो प्रबंधात घातला नाही, कारण माझा धीर झाला नाही. पुढं शिकवायला लागले, बढत्या मिळाल्या, निवृत्त झाले, तरी ते मनाला लागून राहिलंय. म्हणून तुला लिहिताना मी अलिप्त नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आता तुझ्या सरांना उत्तर देताना तुझ्या हाताशी काय असावं ते बघ.

कार्ल सॉअर हा अमेरिकी भूगोलज्ञ 1923 साली बर्कलीच्या विद्यापीठात आला आणि दोनच वर्षांत, 1925 मध्ये, त्यानं भूदृश्यावर, म्हणजे लँडस्केपवर, एक दीर्घ निबंध लिहिला. त्या काळात डोंगरातली माणसं काटक, उष्ण हवेतली माणसं आळशी, असली विधानं भूगोल म्हणून वर्गात शिकवली जात. निसर्ग करतो आणि माणूस निमूटपणे घडतो, असा तो विचार होता. सॉअरनं गाडी फिरवली. त्याचं म्हणणं असं की करणारी संस्कृती, तिच्या हातातलं माध्यम निसर्ग, आणि या दोघांतून जे उभं राहतं ते सांस्कृतिक भूदृश्य. शेताचा बांध, गावाची वेस, विहिरीवरची मोट, देवराई, हे सगळं भूगोलाच्या कक्षेत आलं ते या वळणावर. तुझ्या दारचा लिंब आणि त्याच्याखालची चूल याच कक्षेत येतात.

सॉअरवर पुढच्या पिढीनं टीका केली, आणि ती तुला जास्त उपयोगी आहे. 1980च्या दशकात डेनिस कॉसग्रोव्ह, पीटर जॅक्सन ही मंडळी विचारू लागली की 'संस्कृती करते' म्हणजे नेमकं कोण करतं? जमीन कुणाची, राबणारे हात कुणाचे, आणि हे भूदृश्य सुंदर आहे असं ठरवणारे डोळे कुणाचे? हा प्रश्न जवळ ठेव, खाली मी तो तुझ्याच अंगणाला विचारणार आहे.

आणखी एक माणूस. यी-फू तुआन, जन्म 1930 चा, चीनमधल्या तिआन्जिनचा. जागा आणि ठिकाण यांतला फरक काय, एखाद्या ठिकाणावर माणसाचा जीव का जडतो, यावर त्यानं आयुष्यभर लिहिलं. 1974 आणि 1977 सालची त्याची दोन पुस्तकं आजही भूगोलाबाहेरची माणसंसुद्धा वाचतात. पण 1957 साली बर्कलीत त्यानं पीएच.डी. केली ती कशावर? ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या डोंगरपायथ्याच्या खडकाळ उतारांवर. शुद्ध भूरूपशास्त्र! तो उतार मोजायला शिकला आणि मग घराच्या उंबरठ्याबद्दल लिहू लागला. सर तुला उपग्रहाकडं ढकलतायत त्याचं फार वाईट वाटून घेऊ नकोस, असं मी म्हणते ते यासाठी.

आपल्याकडंही ही वाट कुणी चाललंच नाही असं नाही. इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या, पण वारीवरचा त्यांचा 'वाटचाल' हा लेख प्रत्येक भूगोलाच्या विद्यार्थ्यानं वाचावा असा आहे. त्या वारीबरोबर चालल्या आणि महाराष्ट्राची एक नवी व्याख्या त्यांना सापडली: ज्या देशाची माणसं पंढरीला जातात तो महाराष्ट्र. बघ, यात सीमा नाही, क्षेत्रफळ नाही. माणसांच्या चालण्यानं प्रदेश तयार होतो असं त्या म्हणतात. अमेरिकी अभ्यासक ॲन फेल्डहाउस यांनी आपल्या नद्यांवर आणि यात्रांवर अनेक वर्षं काम केलं. शिखर शिंगणापूरच्या कावडींचाही त्यांनी अभ्यास केला. चैत्रात खालच्या मुलखातलं पाणी खांद्यावर घेऊन माणसं मुंगी घाट चढतात आणि ते शंभू महादेवाला घालतात, हे तू लहानपणापासून बघत आली असशील, तुझ्या तालुक्याच्या शिवेला लागूनच तो डोंगर. कऱ्हेचं पाणी आणि शिंगणापूरचा डोंगर यांना जोडणारी रेघ कुठल्याही पाटबंधारे खात्याच्या नकाशावर नाही, ती फक्त खांद्यांवर आहे. बनारस हिंदू विद्यापीठात राणा पी. बी. सिंह यांनी काशीच्या पंचक्रोशी यात्रेवर भूगोल विभागात बसूनच दशकानुदशकं काम केलं. तेव्हा 'हे मराठी विभागाचं काम' या वाक्याला इतकी उत्तरं आहेत.

आता तुझ्या अंगणाकडं येते, आणि इथं मी थोडी कठोर होणार आहे.

तू लिहितेस, 'सगळ्या गावाचं अंगण होतं'. हे वाक्य तुझ्या मायेचं आहे, अभ्यासाचं नाही. पंगतीला कोण बसायचं? पाणी कुणी आणून दिलं तर चालायचं? गावकुसाबाहेरच्या वस्तीत कुठली दिंडी उतरायची का, की त्या वस्तीतली माणसं रस्त्याच्या पलीकडं उभी राहून दर्शन घ्यायची? इरावतीबाईंच्या त्याच लेखात आहे की एका दिंडीत अभंग सगळे मिळून म्हणत, पण जेवायची वेळ आली की जातवार पंगती वेगळ्या व्हायच्या, आणि ते बघून बाईंना किती यातना झाल्या. आणि तुमची वाट जिथं संपते तिथं काय आहे? पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वाराशी नामदेवाची पायरी आणि समोर चोखोबांची समाधी. चोखोबा आयुष्यभर देवळाबाहेर राहिले आणि समाधीतही बाहेरच राहिले. ते दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. एका पायरीच्या अंतरात केवढा भूगोल भरलाय! चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं 20 मार्च 1927 ला. तो लढासुद्धा एका ठिकाणावर पाय ठेवण्याचा होता.

याचा अर्थ तुझं अंगण वाईट होतं असा नाही. तुझ्या आजीनं किती वर्षं किती परक्या माणसांना भाकरी घातली, ते खरंच आहे. पण अंगण 'सगळ्यांचं' होतं का, हे तू ठरवायचं नाहीस. ते वस्तीत जाऊन विचारायचं आहे. तुझ्या घराला मान आहे, तू गेलीस तर माणसं तुला गोड तेवढंच सांगतील, म्हणून दोनदा, तीनदा जावं लागेल. ओळखीची असणं ही जशी तुझी ताकद आहे तशीच ती अडचणही आहे. हे जमणार असेल तरच हा विषय घे. नुसतं हरवलेल्या अंगणाचं रडगाणं लिहायचं असेल तर त्याला पीएच.डी. लागत नाही.

आणि हरवलं ते कसं हरवलं, याचेही कागद आहेत. ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 965, आणि तुकाराम महाराजांचा 965जी. दोन्हींचं भूमिपूजन 8 नोव्हेंबर 2021 ला झालं. वारकऱ्यांना चालायला कडेनं वेगळी वाट आखली आहे, आणि वाहनांच्या गर्दीत चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ती मोठी सोय आहे हेही प्रामाणिकपणे लिहायचं. महामार्गासाठी जमीन घेतली जाते ती 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यानं. आधी कलम 3ए ची, जमीन घ्यायचा इरादा सांगणारी अधिसूचना निघते, मग जमीन सरकारची झाल्याची 3डी ची, आणि 3जी खाली मोबदल्याचा निवाडा होतो. हे नुसते आकडे तुझ्या वडिलांना विचार, त्या वाटेवरच्या प्रत्येक घराला ते तोंडपाठ असतात. तो निवाडा मिळव. संयुक्त मोजणीचा नकाशा मिळव, माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागला तर कर. निवाड्यात गट नंबर असतो, किती चौरस मीटर गेलं ते असतं, बांधकाम, विहीर, झाडं असतात. तुझा लिंब तिथं एका ओळीत सापडेल, त्याच्यापुढं रक्कम असेल.

मग त्या ओळीशेजारी कोरी वही ठेव आणि आजीला विचारून लिही, निवाड्यात काय आलं नाही. सावली किती वाजता कुठं पडायची. चुली कुठं मांडायच्या. वीणा कुठं टांगायची, कारण ती खाली ठेवत नाहीत. बायका अंघोळीला कुठल्या आडोशाला जायच्या. पखवाजाला लावायची कणीक कुठल्या परातीत मळायची. सरकारी कागदानं मोजलेलं अंगण आणि आजीनं मोजलेलं अंगण, या दोन मोजमापांमधलं अंतर हा तुझा प्रबंध आहे. माझ्या कासारणीची ओळ आणि तिचा आठवडा यांच्यामध्ये जे होतं ना, तेच हे. मला जमलं नाही ते तू कर.

एक सूचना भाषेची. टिपणं मराठीत लिही, जो शब्द बोलला गेला तोच लिही. वारीत तळ वेगळा, विसावा वेगळा, मुक्काम वेगळा. इंग्रजीत गेलीस की तिन्हींचा 'हॉल्ट' होतो आणि अर्धी माहिती तिथंच गळून पडते. तुमच्याकडं व्हायचा तो मुक्काम, दुपारच्या जेवणाचा तो विसावा. तुमच्या दारातल्या मुक्कामाचा रानातला तळ झाला की नातंच बदललं. विणेकरी बाबा 'घर कुठं गेलं' म्हणाले नाहीत, 'जागा कुठं गेली' म्हणाले नाहीत, 'अंगण' म्हणाले. हा शब्द त्यांनी का निवडला, यावर एक अख्खं प्रकरण होईल.

आता पोटाचं.

विद्यापीठात किंवा अनुदानित महाविद्यालयात कायम सहाय्यक प्राध्यापक झालीस तर वेतनश्रेणी चांगली आहे, सातव्या आयोगाप्रमाणे मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं. पण कायम जागा निघतात कमी, आणि निघतात तेव्हा उशिरा. मधल्या वर्षांत बहुतेक मुलं तासिका तत्त्वावर शिकवतात: जितके तास तितके पैसे, उन्हाळ्यात काहीच नाही, आणि हातात पडायला कित्येकदा महिने जातात. माझे कितीतरी हुशार विद्यार्थी चाळिशीला आले तरी तासिकांवरच आहेत. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही, पण वडिलांच्या काळजीला आधार आहे एवढं कबूल कर. ते एमपीएससी म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं दर महिन्याच्या एक तारखेला येणारा पगार असतो. ज्या माणसाचं अंगण एका अधिसूचनेनं गेलं, त्यानं पक्क्या गोष्टीची आस धरली तर त्यात नवल काय?

म्हणून पहिलं काम नेट आणि सेट, प्राध्यापकीसाठीच्या या पात्रता परीक्षा. नेट वर्षातून दोनदा होते, महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठ घेतं. भूगोलाच्या नेटच्या अभ्यासक्रमात सांस्कृतिक, सामाजिक आणि राजकीय भूगोल हा एक स्वतंत्र घटक आहे, तो तुला सोपा जाईल. भूरूपशास्त्र आणि हवामानशास्त्र मात्र आत्तापासून पक्कं कर, मानवी भूगोलाकडं ओढा असलेली मुलं तिथंच गुण घालवतात. नेटमधून मिळणारी जेआरएफ ही संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 आणि पुढं 42,000, अधिक घरभाडं. ती नाही मिळाली तर सारथी, बार्टी, महाज्योती या छात्रवृत्ती देणाऱ्या राज्याच्या संस्थांपैकी तुझ्या प्रवर्गाला लागू असेल तिथं अर्ज कर. छात्रवृत्तीशिवाय पीएच.डी. सुरू करू नकोस. हे मी ठासून सांगते. पैशाविना सुरू केलेलं संशोधन दुसऱ्या वर्षी तासिकांच्या धावपळीत बुडतं आणि मग माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

वडिलांशी दोन वर्षांचा शब्द ठरव. दोन वर्षांत नेट किंवा सेट आणि छात्रवृत्ती यांतलं काही हाती आलं नाही तर पुढचा विचार दोघांनी बसून करायचा. एमपीएससी आणि पीएच.डी. एकाच वेळी चालवते असं मात्र म्हणू नकोस. तसं सांगणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या, आणि दोन्हीकडून दमून घरी गेलेल्याही पाहिल्या. प्राध्यापकीशिवायही या विषयाला थोड्या वाटा आहेत. राज्याचा दर्शनिका विभाग जिल्ह्यांची गॅझेटियर काढतो, पाठ्यपुस्तकांचं काम असतं, वारसा-जतनाचे प्रकल्प असतात, शहरांच्या विकास आराखड्यांसाठी सर्वेक्षणं लागतात. पण या वाटा पाऊलवाटा आहेत, महामार्ग नाहीत.

सरांनी सांगितलेलं उपग्रहाचं काम शिकून घे. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, चार महिने रोज एक तास बसलीस तर हात बसेल. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 चे नकाशे, जुने आणि नवे, एकावर एक ठेव. भूमी अभिलेखच्या कचेरीतून गावनकाशा आण. तुमच्या तालुक्यातून पालखी जाते त्या वाटेवर रस्त्यालगतची किती अंगणं गेली, किती लिंब-वड-चिंचा गेल्या, दिंड्या आधी कुठं उतरायच्या आणि आता कुठं, हे सगळं नकाशावर बसव. असा नकाशा घेऊन तू सरांसमोर गेलीस की ते 'हा भूगोल नाही' म्हणणार नाहीत, आणि म्हणाले तरी बाहेरचा परीक्षक म्हणणार नाही. शिवाय नोकरीच्या मुलाखतीत हे कौशल्य विचारतातच. तंत्राला शत्रू मानण्याची चूक आमच्या पिढीतल्या मानवी भूगोलवाल्यांनी केली आणि त्यात विषयाचं नुकसान झालं, हे माझं स्पष्ट मत आहे.

मार्गदर्शक निवडताना मोठं नाव शोधू नकोस. त्या व्यक्तीच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेट आणि एकच विचार: दिलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून परत मिळतं? विषयाचं अगाध ज्ञान असलेला आणि तुझं लिखाण वर्षभर कपाटात ठेवणारा मार्गदर्शक तुझ्या काही कामाचा नाही. विषय थोडा परका असला तरी वाचणारा, खोडणारा, परत लिहायला लावणारा माणूस हवा. तुझे हेच सर तसे असतील तर त्यांच्याकडंच थांब आणि त्यांना नकाशानं जिंकून घे.

आता तू विचारशील, आयुष्यभर यात करण्यासारखं काही आहे का? अगं, एक अंगण संपेपर्यंत दुसरं उघडतं. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांना असलेली जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. तुझ्या तालुक्यात त्या वस्त्यांच्या पाट्यांवर आता काय लिहिलंय, आणि एसटीतून उतरताना माणसं कंडक्टरला कुठलं नाव सांगतात? पाटी आणि तोंड यांच्यात किती वर्षांचं अंतर पडतं? हा झाला तुझा दुसरा विषय. मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरणारे आणि पावसाआधी देशावर परतणारे धनगर चौपदरी रस्ता कुठं ओलांडतात, तो तिसरा. गुंथर सोन्थायमर हा जर्मनीतला हायडेलबर्गचा अभ्यासक धनगरांच्या देवांमागं वर्षानुवर्षं फिरला. त्या वाटांवर आज काय उभं आहे ते बघायला आपल्यातलं कुणीतरी हवं. सांस्कृतिक भूगोलाच्या प्राध्यापकाचं आयुष्य असंच जातं. सकाळी पहिल्या वर्षाला ढगांचे प्रकार शिकवायचे, दुपारी समितीची बैठक, परीक्षेचे पेपर, आणि सुटीत त्या एका प्रश्नामागं उन्हातान्हात हिंडायचं. शिकवणं जड वाटत नसेल तरच या वाटेला ये, कारण वर्षातले बरेच दिवस तेच असतं.

पण हे सगळं पुढचं. पहिलं काम या आठवड्यात कर, आजीचं वय बघता ते लांबवू नकोस.

घरी जा. नव्या घराच्या पोर्चमध्ये फरशी मोकळी असेल, ती पुसून घे. आजीला खुर्चीवर बसवू नकोस, पाट दे. तिला सांग, आपलं जुनं अंगण मला इथं काढून दाखव, दिंडी उतरलेली असताना होतं तसं. तिला कागद-पेन्सिल देऊ नकोस, कागदावर ती बुजेल. रांगोळीचा डबा दे. मोजमाप सांगू नकोस, दिशा विचारू नकोस, 'इथं काय होतं' असंही म्हणू नकोस. नुसती शेजारी बस. ती चुकली असं तुला वाटलं तरी दुरुस्त करू नकोस. आणि पहिली रेघ ती कुठून ओढते, लिंबापासून, चुलीपासून की रस्त्याकडून, तेवढं मात्र लगेच लिहून ठेव.